ताज्या नजरेची नोकरी

...शिळी. हाच शब्द वापरला तिनं. तुम्ही मला सांगा, माणसाच्या नजरेला आजवर काय काय म्हटलेलं आहे? अधू म्हणतात, तिरपी म्हणतात, वाईट म्हणतात, आमच्या हिनं तर माझ्या नजरेला 'नावापुरती' म्हटलेलं आहे, कारण साखरेचा डबा समोर होता आणि मी शेजारच्या डब्यातलं मीठ... ते एक जाऊ द्या. पण शिळी? शिळी म्हणजे काय, कालची उरलेली? झाकण ठेवायचं राहून गेलेली? बरं, म्हणाली कोण, तर सख्खी सून, आणि म्हणाली कशी, तर अगदी मायेनं. भांडून म्हणाली असती तर मी तोडीस तोड उत्तर दिलं असतं, उभी नोकरी मी उत्तरं देण्यातच काढली आहे. पण मायेनं कुणी कामावरून काढलं तर माणसानं करायचं काय?

हो, काढलंच. मला दोनदा निवृत्त केलेलं आहे. पहिल्यांदा केलं ते वय झालं म्हणून. त्याचं काही नाही, वय सगळ्यांचंच होतं. दुसऱ्यांदा काढलं ते मला जास्त कळायला लागलं म्हणून. हे कारण तुम्ही कुठल्या ऑफिसात ऐकलंय? मी तरी ऐकलेलं नाही, आमच्याकडे त्या कारणानं कुणालाच काढावं लागलं नाही.

पहिल्यापासून सांगतो. रिटायर झालेला माणूस घरात असला म्हणजे काय होतं? फर्निचर होतं. पण फर्निचर निदान हलवावं लागत नाही. मी सोफ्यावर बसलो की हिला नेमकं तिथंच झाडायचं असतं. पाय वर घ्या. घेतले. जरा गॅलरीत जा. गेलो. गॅलरीत गेलो की कपडे वाळत घालायचे असतात आणि माझी सावली त्यांच्यावर पडते. स्वयंपाकघरात गेलो की, 'काय हवंय?' काही नको, सहज आलो. सहज यायची ती जागा आहे का? शेवटी अख्ख्या घरात मला उभं राहायला अधिकृत म्हणावी अशी एकच जागा उरली, फ्रिज आणि दार यांच्या मधली, आणि तीसुद्धा कुणी फ्रिज उघडेपर्यंत.

आता आमची सूनबाई. ती ग्राफिक डिझायनर आहे. म्हणजे काय करते, हे मला बरीच वर्षं कळलेलं नव्हतं. शेजारच्या मास्तरांना मी सांगायचो, बोर्ड रंगवते. ते तिच्या कानावर गेलं. तर म्हणाली, बाबा, मी रंगवत नाही, बोर्डावर काय असावं ते ठरवते, आणि खरं म्हणजे काय नसावं ते ठरवते. आता न लिहिण्याचाही कुणी पगार देतं, हे मला आधी माहीत असतं तर? आमच्या ऑफिसात पुष्कळ लोक काहीच लिहायचे नाहीत, पण त्याला डिझाइन म्हणतात याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

तर तिनं नोकरी सोडली आणि घरातल्याच मागच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. पहिलंच मोठं काम आलं ते एका डोळ्यांच्या हॉस्पिटलचं. जुन्या इमारती एकमेकींना जोडून ते हॉस्पिटल झालेलं, त्यामुळे आत गेलेला माणूस एकतर रडवेला होऊन बाहेर येतो नाहीतर येतच नाही. त्या सगळ्या इमारतीच्या पाट्या नव्यानं करायच्या. जमलं तर त्यांच्या बाकीच्या शाखांचं कामही तिलाच, नाही जमलं तर परत कुणाच्या तरी ऑफिसात, कुणाच्या तरी हाताखाली. हे झालं तिचं. माझं म्हणाल, तर माझा सगळा जीव अडकला एका खुर्चीत.

ती कशी मिळाली ते ऐका. एका सकाळी मी माझ्या अधिकृत जागेवर, फ्रिजपाशी, उभा होतो. आतून हाक आली, बाबा, जरा इकडे या. गेलो. तिनं टेबलाशेजारची खुर्ची पुढं केली आणि बसा म्हणाली. या घरात मला कुणी आपणहोऊन बसा म्हणालं, याला किती काळ लोटला असेल? मी नीट टेकतोय तोवर तिनं एक कागद माझ्या नाकासमोर धरला, दुसऱ्या हातानं चुटकी वाजवली आणि कागद पाठीमागे लपवला.

"काय दिसलं?"

काय दिसलं म्हणजे? माझा चष्मा अजून कपाळावर. आणि मी वाचणारा कसा, तर कागद हातात आला की आधी वरचा क्रमांक, मग दिनांक, मग विषय, मग संदर्भ, मग मजकूर, मग सही, मग सहीच्या खाली कुणाकुणाला प्रती पाठवल्या ते, आणि सगळ्यात शेवटी कागद उलटा करून मागे काही आहे का ते. एवढं केल्याशिवाय मला काही दिसतच नाही. मी म्हणालो, परत दाखव बघू. नाही म्हणाली. लोक परत बघत नाहीत बाबा, चालता चालता बघतात. मी म्हणालो, चांगलं होतं. चांगलं म्हणू नका, दिसलं काय ते सांगा. शेवटी मी शरमून सांगितलं की काहीतरी जाडजूड दिसलं, निळं, आणि एक बाण तुझ्या अंगठ्याकडे बघत होता.

तर ती टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, बाबा, तुम्ही सोनं आहात. मी मागे वळून बघितलं, दुसरे कुणी बाबा येऊन उभे राहिले का.

मग तिनं समजावून सांगितलं. आपलं काम आपल्याला दिसत नाही. दिवसभर तेच ते बघितलं की डोळा सरावतो, चूक समोर उभी असली तरी तो तिला ओळखीची समजून सोडून देतो. म्हणून ज्याला त्यातलं काहीही कळत नाही अशा माणसाला मधूनमधून दाखवायचं. ताजी नजर म्हणतात याला. काम सुधारायचं असेल तर ही सगळ्यात चांगली सवय. आणि काहीही न कळणारा माणूस शोधायला तिला घराबाहेरसुद्धा जावं लागलं नाही. काही न कळणं ही पात्रता! आमच्या ऑफिसात ही पात्रता असलेले खूप होते हो, पण ते सगळे माझ्या वरच्या जागांवर. मला संधी मिळाली ती घरी.

आणि मी ती नोकरी मन लावून केली. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खोलीत जायचो. घरातल्या घरात, पण जायचो. ही विचारायची, कुठं निघालात? मी म्हणायचो, कामावर. हे म्हणताना काय वाटतं ते तुम्हाला नाही कळणार, तुमच्यापैकी जे अजून रोज कामावर जातात त्यांना तर मुळीच नाही.

आणि त्या पोरीच्या एकेक सवयी! चांगला मोठा कॉम्प्युटर आहे तिच्याकडे, पण आधी त्याला हात लावायचा नाही. आधी कागद आणि पेन्सिल. आपल्याला एखादी कल्पना सुचली की आपण काय करतो? पंख्याचं बटण बंद करतो आणि उठतो. ती उठत नाही. ती म्हणते, पहिली सुचते ती सगळ्यांनाच सुचते, ती बाजूला ठेवायची. मग दुसरी, ती पण बाजूला. मग आणखी. खोलीभर नुसत्या बाजूला ठेवलेल्या कल्पना. ही केर काढायला आली की दारातच थबकते, यातलं टाकायचं कुठलं गं? सूनबाई म्हणते, आई, बहुतेक सगळंच, पण आज नको.

मग रंग. रंग सगळ्यात शेवटी. आधी सगळं काळं-पांढरं, कारण काळ्या-पांढऱ्यात जे उभं राहत नाही त्याला रंग काय आधार देणार? मग ते उलटं टांगायचं. डोकं खाली, पाय वर. म्हणजे अक्षरं वाचता येत नाहीत आणि नुसता तोल कळतो. मग ते आमच्या घरातल्या बोळाच्या एका टोकाला लावायचं, आपण दुसऱ्या टोकाला जायचं आणि डोळे बारीक करून बघायचं. बारीक म्हणजे कितपत, तर सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसेपर्यंत. धुक्यातही जे ओळखता येतं ते पक्कं. आता बोळाचं दुसरं टोक म्हणजे आमचं पुढचं दार. एकदा कुरियरवाला आला, दार उघडंच, तर आत बघतोय तो काय, एक सून, एक सासरा, भिंतीला उलटा टांगलेला कागद, आणि दोघंही त्याच्यापुढं उभे राहून डोळे किलकिले करतायत. सही घ्यायचीसुद्धा विसरला. पुढच्या खेपेला त्यानं पाकीट दाराखालून सरकवलं आणि जिना उतरल्याचा आवाज मात्र मोठा आला.

पण यातली सगळ्यात जीवघेणी सवय कुठली, तर काढून टाकणे. मी एका पाटीसाठी मजकूर लिहून दिला होता, तिनं मागितलेला नसताना. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, औषधे मिळण्याची खिडकी येथून उजव्या बाजूस असून रुग्णांनी व त्यांच्या नातेवाइकांनी कृपया तिचा लाभ घ्यावा.' कसं भारदस्त वाटतं की नाही? वाचणारा आपोआप ताठ उभा राहतो. तिनं शांतपणे विचारलं, बाबा, यातलं काय काढलं तरी चालेल? मी म्हणालो, काही नाही. तिनं 'सर्व संबंधितांस' काढलं. मग 'कळविण्यात येते' गेलं. मग नातेवाईक गेले. मी एकेकाला निरोप देत बसलो. 'कृपया' गेलं तेव्हा तर मी तोंड फिरवलं. शेवटी उरलं काय, 'औषधे' आणि एक बाण. मी विचारलं, आता हे कुणाला उद्देशून आहे? ती म्हणाली, ज्याला औषध हवंय त्याला.

मी माझा मूळ मजकूर घडी करून खिशात ठेवला.  

एवढं सगळं सोसलेल्या नजरेला तुम्ही शिळी म्हणता?

आणि इथंच घात झाला. काय झालं माहीत आहे? मला ते काम आवडायला लागलं. ती दुपारी जरा आडवी झाली की मी तिच्या कपाटातली पुस्तकं काढायचो. एकेका अक्षराच्या पोटात किती मोकळी हवा असावी, दोन ओळींनी एकमेकींपासून किती लांब बसावं, समास म्हणजे नुसती कागदाची कड नव्हे, तर... हे बघा, परत सुरू झालं माझं. असंच व्हायचं. आधी घरात. मग बाहेर. दाढी करायला गेलो तर मान मागे टाकून बसल्या बसल्या समोर दरपत्रक. मी म्हणालो, तुमच्या दरपत्रकाला समास नाही. न्हावी वस्तरा तसाच वर धरून म्हणाला, 'कुठं नाही म्हणालात?' हातात वस्तरा असलेल्या माणसाशी समासावर बोलू नये, हे पुस्तकात दिलेलं नव्हतं. बसथांब्यावर उभा राहिलो तर बसच्या कपाळावरच्या पाचाचं पोट जरा जास्तच सुटलेलं. ते मी बघत राहिलो, बघत राहिलो, आणि बस निघून गेली. मागून दुसरी आली, तिचाही पाच तसाच. म्हणजे चूक एकाची नव्हती, खात्याची होती.

मला वाटत होतं मी कामात सुधारतोय. कुणालाही असंच वाटणार. जितकं जास्त कळेल तितका माणूस कामाचा, हेच आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं नाही का?

मग ती सकाळ आली. तिनं कागद धरला, चुटकी वाजवली, कागद लपवला. काय दिसलं? मी सावरून बसलो, घसा साफ केला आणि सांगितलं की डावा समास उजव्यापेक्षा केसभर जास्त आहे, 'त' आणि 'पा' यांच्यामध्ये जरा हवा कमी पडते, आणि बाणाच्या शेपटाची जाडी अक्षरांच्या जाडीला धरून नाही. चुटकीभरात हो! चष्म्याशिवाय! मला वाटलं आता बढतीच. तर तिनं कागद पाठीमागेच ठेवला. मग हळूच म्हणाली,

"बाबा, पाटीवर लिहिलं काय होतं?"

काय लिहिलं होतं? 'त' होता. 'पा' होता. त्यापुढं... तुम्हाला सांगतो, शब्द काही मी बघितलाच नव्हता.

ती हसली. मी पण हसलो. तेव्हाच समजायला हवं होतं, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला असल्या गोष्टी समजत नाहीत.

त्यानंतर आलं ते अक्षरांचं प्रकरण. पाट्यांसाठी तिनं आधी अक्षरं घेतली होती चांगली गुटगुटीत, आणि रंग गडद निळा. मला ती आताशा खटकायला लागली. मी म्हणालो, ही अक्षरं म्हणजे जेवून उठलेली माणसं वाटतात. जरा सडपातळ घे. आणि निळा हा असा गणवेशाचा नको, पहाटेच्या आभाळासारखा फिका असू दे. आता तिलाही मनातून बारीक अक्षरंच आवडत होती. या धंद्यातल्या सगळ्यांनाच आवडतात, हेही मी पुस्तकातच वाचलं होतं. पण तरी तिनं सवय सोडली नाही. नवी पाटी केली, बोळाच्या टोकाला लावली, मला दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं आणि म्हणाली, तुम्हाला वाचता आलं तरच ठेवायची. डोळे बारीक करा. केले. आणखी करा. केले. काय दिसतंय?

मी घडाघडा वाचून दाखवलं. तपासणी सरळ, औषधे उजवीकडे, बाहेर जायचा रस्ता डावीकडे. कुठं अडखळलो नाही. तिनं विचारलं, खरंच दिसतंय? मी म्हणालो, दिसतंय म्हणजे काय, स्वच्छ. तिचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू.

आता तुमच्यापासून काय लपवायचं, त्या वेळी माझे डोळे बारीक नव्हते, पूर्ण मिटलेले होते. मुद्दाम नाही मिटले हो! बारीक करता करता मिटले. आणि गंमत म्हणजे मिटल्यावरही मला सगळं तितकंच स्वच्छ दिसत होतं. त्या पाटीवरची अक्षरं, त्यांची अंतरं, बाण, बाणाचं शेपूट, सगळं पाठ झालेलं. इतकं की समोर पाटी लावायची तिला तसदी घ्यायलाच नको होती. मी या पाठांतरालाच नजर समजत होतो.

पुढं ती पाटी पास झाली. म्हणजे मी केली.

पण तिची आणखी एक सवय राहिली होती, आणि त्या सवयीनंच सगळा घोटाळा केला, किंवा टाळला म्हणा. पक्क्या पाट्या करण्याआधी कागदाच्या करायच्या, जागेवर चिकटवायच्या आणि खरी माणसं सोडून बघायची. त्याप्रमाणे हॉस्पिटलभर कागदी पाट्या लावल्या. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, म्हणजे मालकीणच, जातीनं हजर. खरी माणसं म्हणून मी आणि आमची ही, आमचे डोळे तसेही तपासायचेच होते. आमच्या डोळ्यांत थेंब घातले. ते थेंब कधी घेतलेत का तुम्ही? सगळं जग साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. तिथं आलेला प्रत्येक रुग्ण याच अवस्थेत बोळाबोळातून हिंडत असतो, म्हणून आम्हीही याच अवस्थेत थेंबांच्या खोलीतून निघायचं आणि एकट्यानं औषधांच्या खिडकीशी पोहोचायचं. अशी परीक्षा. आणि मोठ्या बाई सूनबाईला आधीच म्हणाल्या होत्या की आज हे जमलं तर पुढचं बोलू.

पहिला मी निघालो. समोर साबणाचं पाणी. पण मला काय त्याचं? नकाशा पाठ होता. सरळ, उजवीकडे, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे, परत उजवीकडे. वाटेत एका खांबाला नमस्कार केला, उंच गृहस्थ उभे आहेत असं वाटून, पण ते सोडलं तर खिडकीपाशी बिनचूक हजर. औषधं देणारा दचकला, इतक्या झपाझप थेंबवाला माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता. मोठ्या बाई म्हणाल्या, वा, यांना तर सगळं दिसलं. मी विनयानं मान खाली घातली. सूनबाईनं सुस्कारा सोडला.

मग ही निघाली.

आम्ही खिडकीपाशी उभे. उभे आहोत. उभेच आहोत. औषधं देणाऱ्यानं विचारलं, मी जेवून येऊ का? मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मी धीर दिला, वाटेत कुणीतरी भेटलं असेल, बोलत असेल. इथं कोण भेटणार, सूनबाई म्हणाली, आणि मला धूसर दिसत असतानाही तिच्या तोंडचं पाणी पळालेलं दिसलं. शेवटी शोधायला माणसं सुटली. मजले पालथे घातले. आणि सापडली कुठं? इमारतीच्या पार मागच्या अंगाला, विजेच्या खोलीच्या दाराशी, वायरमनच्या स्टुलावर बसून त्याच्याच थर्मासमधला चहा पीत. वायरमन बिचारा उभा.

सूनबाई अगदी कळवळली, आई, अहो इथं कशा काय आलात?

"अगं, अख्ख्या दवाखान्यात वाचता येईल अशी एकच पाटी दिसली. म्हणून तिच्याकडे आले."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. दारावर पत्र्याची जुनी पाटी. लालभडक, जाडजूड, जेवून उठलेल्या माणसासारखं अक्षर. 'धोका.' खाली कवटी.

मोठ्या बाईंनी विचारलं, आणि आमच्या नव्या पाट्या? ही म्हणाली, कसल्या पाट्या? मला तर नुसत्या भिंतीच दिसल्या. पण ही कवटी मात्र हो लांबूनसुद्धा छान दिसते, मला आधी वाटलं कुणीतरी हसतंय.

 एक बरं की पाट्या कागदाच्या होत्या. मोठ्या बाई म्हणाल्या, फाडा आणि परत करा, पण पुढच्या वेळेस मला खिडकीपाशी ही बाई हवी. बोट हिच्याकडे. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, आणि बघितलं असतं तरी मला त्या खांबासारख्याच दिसल्या असत्या.

घरी यायला टॅक्सी केली. वाटेत सूनबाई म्हणाली, फार हळू, तुम्हाला सांगतो, इतकी हळू की मला बाजूची काच वर करावी लागली.

"बाबा, चूक माझी आहे. तुमची नजर केव्हाच शिळी झाली होती. मीच उशिरा बघितलं."

मी म्हणालो, थेंबांमुळे असेल. ती म्हणाली, थेंब आईंच्या डोळ्यांतही होते.

झालं. ना नोटीस, ना चौकशी, ना हार, ना भाषणं. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खोलीत गेलो, तर माझ्या खुर्चीत ही. मांडीवर भाजीची परात. भाजी निवडता निवडता ताजी नजर. चुटकी. काय दिसलं, आई? औषधं. चुटकी. काय दिसलं? बाहेर जायचं दार. चुटकी. काय दिसलं? काही नाही. आणि हे 'काही नाही' ऐकून सूनबाई तो कागद आनंदानं टराटरा फाडते! मी एवढा अभ्यास करून सांगत होतो तेव्हा एक कागद फाडला नाही कधी. बरं, मधूनच ही खुर्चीत डुलकी काढते. मी आत जाऊन तक्रार केली, कर्मचारी झोपलेला आहे. तर सूनबाई म्हणाली, असू दे बाबा, झोपेतून उठल्यावर नजर फार ताजी असते.

अक्षरं परत गुटगुटीत झाली. निळा परत गणवेशाचा झाला. पाट्या पास झाल्या, आता म्हणे थेंब घातलेली माणसं सरळ चालत खिडकीपर्यंत जातात, बाकीच्या शाखांचं कामही तिलाच मिळालं. आनंद आहे. मी कुठं नाही म्हणतोय? पण ही नोकरीला लागल्यामुळे घरात जागा रिकामी झाली ती चहाची, आणि ती मला मिळाली. आता फ्रिज उघडतो तो मीच, त्यामुळे तिथं उभं राहायचीही सोय उरली नाही.

मी गप्प बसलो असेन असं वाटलं का तुम्हाला? अपील केलं. तोंडी. सूनबाईनं विचार केला आणि म्हणाली, एक सवय आहे. एखादं काम फार बघून झालं, की ते ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचं, त्याचं नाव काढायचं नाही. काही काळानं काढलं की ते परक्याचं असल्यासारखं दिसतं. तुम्हालाही तसंच ठेवून बघू. म्हणजे मला ड्रॉवरमध्ये! अटी अशा, की मागच्या खोलीत यायचं नाही, पुस्तकांना हात लावायचा नाही, रस्त्यावर पाट्या बघायच्या नाहीत आणि जे शिकलात ते विसरून जायचं.

विसरायला मी काही नवखा नाही. मी छत्र्या विसरलो आहे, किल्ल्या विसरलो आहे, एकदा तर हिलाच दुकानात विसरून घरी आलो आणि वर दाराला आतून कडी घातली. पण समास काही केल्या विसरेना. रस्त्यात पाटी दिसू नये म्हणून डोळे मिटून उभा राहिलो, तर एका भल्या बाईनं हात धरून मला रस्ता ओलांडून दिला. मला ओलांडायचा नव्हता. परत येताना दुसऱ्या एका भल्या गृहस्थानं परत ओलांडून दिला म्हणून, नाहीतर कुठं गेलो असतो कुणास ठाऊक.

मग मी वेगळा मार्ग धरला. विसरता येत नसेल तर विसरल्यासारखं वागता येतं की नाही? आरशासमोर सराव केला. काही न कळणाऱ्या माणसाचा चेहरा. भिवया जरा वर, तोंड किंचित उघडं. ऑफिसात असे चेहरे पुष्कळ पाहिलेले असल्यामुळे ते लवकर जमलं. आवाजही बसवला, 'मला काय कळतंय त्यातलं.' ही म्हणाली, कोणाशी बोलताय? म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. ती म्हणाली, ते खरं आहे.

आणि काल ही बहिणीकडे गेली. म्हणजे खुर्ची रिकामी. मी गॅसवर चहाचं आधण ठेवतोय तोच आतून हाक आली, बाबा, जरा इकडे या. आधण तसंच गॅसवर सोडलं. शर्ट बदलायला वेळ नव्हता, तसाच गेलो. बसा म्हणाली. बसलो. तिनं कागद पुढं धरला, चुटकी वाजवली, कागद लपवला.

काय दिसलं?

मी अजिबात घाई केली नाही. समासाचा विचारसुद्धा मनात येऊ दिला नाही. हवा, जाडी, शेपूट, कशाकशाचं नाव घेतलं नाही. भिवया वर, तोंड किंचित उघडं, आणि अगदी साध्या, भोळ्या, परक्या माणसाच्या आवाजात म्हणालो,

"मला काय कळतंय त्यातलं. पण मोकळी जागा फार छान सोडली आहेस."

तिनं कागद हळूच पुढं आणला. कोरा. उलटा करून दाखवला. मागूनही कोरा.

 रागावली नाही, हसली नाही. फक्त म्हणाली, बाबा, चहा उतू जातोय बहुतेक. गेलो. गॅस पुसला, नवं आधण ठेवलं, चहा केला, नेऊन दिला. काय करणार? शिळी तर शिळी.

पण एक सांगतो, तिला नका बोलू... जागा खरोखरच छान सोडली होती.